नुल्टे

जर्मनीत लेकीच्या शाळेचं वेळापत्रक पहिल्यांदा हातात पडलं, तेव्हा माझी नजर विषयांवर गेलीच नाही. ती डावीकडच्या आकड्यांवर अडकली. सगळ्यात वरच्या ओळीत ‘१.’ असायला हवा होता, तिथे ‘०.’ होता. शून्य आणि पुढे टिंब. जर्मन लिहिताना आकड्यापुढचं टिंब आपल्या ‘ला’, ‘रा’, ‘वा’चं काम करतं: ‘१.’ म्हणजे पहिला, ‘५.’ म्हणजे पाचवा. मग ‘०.’ म्हणजे काय? लेकीनं डबा दप्तरात कोंबता कोंबता सांगितलं, “नुल्टे श्टुंडे, बाबा. पहिल्याच्या आधीचा तास.” तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

हा तास सगळ्या शाळांत नसतो आणि असला तरी सगळ्यांना रोज नसतो. पहिला तास बहुतेक ठिकाणी पावणेआठ-आठला सुरू होतो. त्याच्याही आधी, सातच्या आसपास, नेहमीच्या चौकटीत न मावलेलं काहीतरी उरकून घ्यायचं असतं: एखादी ऐच्छिक भाषा, शाळेचा वाद्यवृंद, नाहीतर मागे पडलेला विषय. डिसेंबरात त्या वेळी बाहेर मिट्ट काळोख असतो आणि घरात कुणीही कुणाशी नीट बोलत नाही. ते असो. मला कुतूहल वाटलं ते नावाचं. जो तास सकाळी सर्वांत आधी होतो तोच पहिला का नाही? तर ‘पहिला’ हे नाव आधीच देऊन झालंय म्हणून. शाळेची घंटा त्याच्यावर बेतलेली, शिक्षकांच्या तासांची वाटणी त्याच्यावर, बसच्या फेऱ्याही त्याच्यावर. नव्या तासासाठी सगळ्यांना एकेक घर पुढे सरकवायचं, तर अख्ख्या गावाच्या डोक्यातला ‘तिसरा तास’ बदलावा लागेल. त्यापेक्षा पहिल्याच्या आधी जागा केलेली बरी, आणि जर्मन भाषेत ती जागा तयार होती.

आपल्या लोकसभेतही ‘शून्य प्रहर’ आहे, पण त्याचं कूळ वेगळं. तो प्रश्नोत्तराच्या तासानंतर, दुपारी बाराला येतो. कामकाजाच्या नियमावलीत त्याचं नाव नाही; १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रथा म्हणून तो रुळला. तो कुणाच्या आधीचा नसून दोन कामांच्या फटीतला आहे.

शब्दाची घडण अगदी सरळ आहे. ‘नुल’ म्हणजे शून्य, आणि दोन, चार, पाच यांना जो प्रत्यय लागतो तोच त्यालाही लागतो. त्स्वायचं त्स्वायटे, फीअरचं फीअरटे, तसं नुलचं नुल्टे. पुढे लिंग-विभक्ती बदलेल तसा तो नुल्टर, नुल्टेस, नुल्टेन असा चालतोही. तरी सामान्य जर्मन माणूस हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारत असेल, तर फारसा नाहीच. त्याला समास आवडतो. शून्य अंशाचं रेखावृत्त म्हणजे नुलमेरिडियान. पगारवाढीची बोलणी होऊन पगार जागच्या जागी राहिला तर ती नुलरुंडे. नियतकालिकाचा बाजारात न येणारा नमुना अंक म्हणजे नुलनुमर, आणि एकही गोल न झालेला फुटबॉलचा सामना तीसुद्धा नुलनुमरच. हे सगळे शब्द ‘काही नाही’ किंवा ‘इथून मोजा’ एवढंच सांगतात. ‘नुल्टे’ म्हणणारा मात्र रांगेतली जागा सांगत असतो, आणि तिथे गंमत सुरू होते.

मराठीत तोच नियम लावला तर ‘शून्यावा’ होतं. व्याकरणाची हरकत नाही, पण कान त्याला ओलावा, दुरावा, गारवा यांच्या पंगतीत नेऊन बसवतो. ‘त्याच्या घरात एक प्रकारचा शून्यावा होता’ हे वाक्य सहज खपून जाईल. ‘शून्यावा तास’ म्हटलं की मात्र दोनदा वाचावं लागतं.

खरी अडचण शून्यात नाही, ‘पहिल्या’त आहे. दुसरा हा दोनशी, तिसरा तीनशी, चौथा चारशी उघड नातं सांगतो. पहिल्याचं एकशी काहीच नातं नाही. जर्मनमध्येही ‘एर्स्टे’ हा ‘आइन्स’पासून आलेला नाही, ‘आधी’ या अर्थाच्या जुन्या शब्दाचं ते तमभावी रूप आहे, म्हणजे ‘सर्वांत आधीचा’. आपल्या ‘प्रथम’मध्येही पुढे असण्याचाच भाव आहे. म्हणजे पहिला कोण, तर ज्याच्या पुढे कुणी नाही तो. आणि नुल्टे तर त्याच्याही पुढे उभा. सर्वांत आधीच्याच्या आधी कुणीतरी आहे असं म्हणणं तर्काला धरून नाही, पण शाळेला, शास्त्राला आणि, पुढे येईलच, संगीतालाही त्यावाचून भागलं नाही.

माझं पोट प्रोग्रॅमिंगवर चालतं, त्यामुळे शून्यापासून मोजण्याचं मला नवल नव्हतं. संगणकाच्या बहुतेक भाषांत यादीतल्या सुरुवातीच्या घटकाचा क्रमांक ० असतो. आमच्या कचेरीत यावरून दोन तट आहेत. काही जण त्या घटकाला ‘नुल्टे’ म्हणतात, काही जण ‘एर्स्टे’. पहिल्या तटाचं म्हणणं, क्रमांक आणि नाव जुळलं पाहिजे. दुसऱ्या तटाचं म्हणणं, मग ‘पहिला’ म्हणजे रांगेतला दुसरा, आणि दहा घटकांतला शेवटचा ‘नववा’. असं घरी बोललात तर माणसं वेड्यात काढतील. मीटिंगमध्ये कुणी नुसतं “पहिला घटक” म्हणालं की हल्ली कुणीतरी लगेच विचारतं, “शून्यवाला की एकवाला?” ‘नुल्टे’ हा शब्द वापरात आला की ‘पहिला’ शब्दाची खात्री जाते, हे मला त्या तटांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

या देशात ही सवय जुनी आहे. बर्लिनमध्ये जन्मलेल्या कोनराड त्सूझे यांनी १९४१मध्ये त्सेट-३ (Z3) हे प्रोग्रॅमवर चालणारं गणकयंत्र उभं केलं, आणि युद्धाच्या शेवटी बर्लिन सोडून आल्प्सच्या पायथ्याशी हिंटरश्टाइन नावाच्या खेड्यात आसरा घेतला. हाताशी चालतं यंत्र नाही, पुढे काय होणार ठाऊक नाही, अशा दिवसांत त्यांनी ‘प्लानकाल्क्यूल’ ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा कागदावर पूर्ण केली. तिच्यात बाहेरून येणारी पहिली संख्या म्हणजे फाऊ-० (V0), मधल्या टप्प्यातली पहिली त्सेट-० (Z0), उत्तरातली पहिली एर-० (R0). ती भाषा सविस्तर छापून आली १९७२मध्ये. तोवर इतरांनी आपापल्या वाटेनं शून्य गाठलं होतं.

त्याची बाजू सगळ्यात नेटकी मांडली ती एटस्खर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं, ऑगस्ट १९८२च्या एका हस्तलिखित टिपणात. २ ते १२ या संख्या लिहायच्या असतील तर सुरुवात धरावी आणि शेवट सोडावा, म्हणजे ‘२पासून १३च्या आत’ असं लिहावं. मग वजाबाकी केली की थेट किती संख्या आहेत ते कळतं, आणि एका पट्ट्याचा शेवट तोच पुढच्याचा आरंभ होतो. हे मान्य केलं की पुढचं ओघानंच येतं: दहा घटकांना १पासून ११च्या आत म्हणण्यापेक्षा ०पासून १०च्या आत म्हणणं सुबक. घटकाचा क्रमांक म्हणजे त्याच्या आधी किती घटक आहेत तो आकडा. डायक्स्ट्रांचा या बाबतीत शब्दाला जागण्याचा हट्ट इतका, की त्या टिपणाच्या पानांवरचे आकडेही ०पासून सुरू होतात.

मला हे पटतं. पण हे शून्य शिंप्याच्या टेपेवरचं शून्य आहे. ते टेपेच्या टोकाला असतं, पहिल्या इंचाच्या आधीचा कुठला ‘शून्यावा इंच’ नसतो. आपल्या बोलण्यात हा भेद पक्का आहे. नऊ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला आपण ‘दहावं लागलं’ म्हणतो. जर्मन माणूसही ‘दहाव्या आयुष्यवर्षात’ म्हणतो, आणि त्याचाही अर्थ वय नऊ असाच. ‘नऊ’ हे झालेलं मोजतं, ‘दहावं’ हे चालू आहे ते सांगतं. पाळण्यातल्या बाळाला पहिलं वर्ष चालू असतं आणि त्याचं वय शून्य असतं; दोन्ही विधानं खरी, आणि त्यासाठी कुणाला ‘शून्यावं वर्ष’ म्हणावं लागत नाही. प्रोग्रॅमरांचा घोळ एवढाच की झालेलं मोजणारा आकडा घेऊन त्याला ते चालू असल्याचा प्रत्यय लावतात.

गणितज्ञांनीही यात एकमत केलेलं नाही. फ्रेगे यांनी येनामध्ये १८८४ साली संख्यांचा पाया रचला तो शून्यापासून: जी वस्तू स्वतःशीच समान नाही अशा वस्तूंची संख्या म्हणजे शून्य. चार वर्षांनी ब्राउनश्वाइगमध्ये डेडेकिंड यांनी तेच काम केलं आणि १पासून सुरुवात केली. इथल्या पुस्तकांत अजूनही नैसर्गिक संख्यांत शून्य धरलंय की नाही हे आधी बघावं लागतं.

‘नुल्टे’ला आपल्या हक्काची जागा मिळालेली मला पहिल्यांदा दिसली ती उष्मागतिकीत, म्हणजे थर्मोडायनॅमिक्समध्ये. तिचे नियम क्रमांकानं ओळखले जातात. पहिला आणि दुसरा क्लाउझियुस यांनी १८५०पासून घडवत नेले, तिसरा नेर्न्स्ट यांनी १९०६मध्ये दिला. वर्गात, पुस्तकांत, परीक्षेत हे आकडे पक्के झाले. मग लोकांच्या लक्षात यायला लागलं की या तिन्ही नियमांत ‘तापमान’ हा शब्द बिनधास्त वापरलाय, पण तापमान नावाची एक ठरावीक राशी आहेच कशावरून, हे कुठंच सांगितलेलं नाही. त्याचं उत्तर फार साधं आहे. तापमापी पातेल्यातल्या पाण्याशी उष्णतेच्या समतोलात आहे आणि दुसऱ्या पातेल्यातल्या पाण्याशीही त्याच आकड्यावर समतोलात आहे, तर ती दोन पाणी एकत्र केली तरी एकाकडून दुसऱ्याकडे उष्णता जाणार नाही. एवढंच. हे खरं नसतं तर तापमापीला अर्थ नसता, आणि पुढच्या नियमांनाही.

इतकं उघड की कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. लिहायची वेळ आली तोवर एक, दोन, तीन हे क्रमांक घेतले गेले होते. चौथा म्हणावं, तर हा बाकीच्यांना टेकू देणारा. म्हणून तो शून्यावा. जर्मनमध्ये ‘नुल्टर हाउप्टझात्स’. म्युनिकचे आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी आपल्या उष्मागतिकीच्या व्याख्यानांत या नावाचं श्रेय केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांना दिलं आहे, आणि प्रसंगही सांगितला आहे: अलाहाबादचे मेघनाद साहा आणि बी. एन. श्रीवास्तव यांच्या उष्णतेवरच्या १९३५च्या पुस्तकाची चर्चा करताना फाउलर यांना ते सुचलं. म्हणजे इंग्रज माणसानं भारतीय पुस्तकाबद्दल बोलताना काढलेलं नाव आणि त्याची जर्मन नोंद.

साहांचं नाव इथे भेटल्यावर मला राहवलं नाही, कारण शून्याव्या क्रमांकाशी त्यांचा आणखी एका ठिकाणी संबंध येतो, आणि तो मराठी माणसाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. १९५२मध्ये सरकारनं नेमलेल्या दिनदर्शिका सुधार समितीचे ते अध्यक्ष होते. समितीनं १९५५च्या अहवालात राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी शक वर्ष सुचवलं. ते २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ म्हणून लागू झालं. साहा त्याच्या आदल्या वर्षी वारले. १९५७मधून १८७९ गेले, उरले ७८. आपण सगळे ही वजाबाकी पाठच करतो. मग शक १ कधी सुरू झाला? इ. स. ७९च्या चैत्रात. पण शकाचा आरंभ आपण इ. स. ७८ मानतो! मधलं ते एक वर्ष कुठलं? शके शून्य.

यात हिशेबाची चूक नाही. पंचांगातला शक हा गतवर्षांचा आकडा आहे, चालू वर्षाचा नव्हे. राष्ट्रकूट-चालुक्यांच्या लेखांत ‘शकनृपकालातीत’ असा शब्द येतो. अतीत, म्हणजे सरलेली. पाडव्याला आपण ‘शके अमुक सुरू झालं’ म्हणतो तेव्हा खरं तर तेवढी वर्षं सरलेली असतात. हे वर सांगितलेल्या मुलीच्या वयासारखं आहे: नऊ पूर्ण, दहावं चालू. इसवी सनानं ही सोय ठेवली नाही. तिथे इसवी सनापूर्वी १ संपलं की दुसऱ्या दिवशी थेट इसवी सन १. ज्योतिषगणितात ते जाचू लागलं, म्हणून फ्रान्सच्या झाक कासीनी यांनी १७४०च्या आपल्या कोष्टकांत मध्ये एक ० वर्ष घातलं. सर्वसामान्य लोकांनी मात्र ते घेतलं नाही, आणि त्यातून दर शंभर वर्षांनी तोच वाद उकरून निघतो. कायझर विल्हेल्म दुसरा याच्या जर्मनीनं तो फर्मानानं मिटवला: विसावं शतक १ जानेवारी १९००ला सुरू. बाकीच्या बऱ्याच देशांनी १९०१ची वाट पाहिली. हिशेबानं १९०१ बरोबर होतं, पण आकडे उलटलेले दिसल्यावर आतषबाजी वर्षभर थोपवून धरणं कुणाला जमणार? २०००मध्ये आपणही तेच केलं.

आता संगीत. आंटोन ब्रुकनर हे ऑस्ट्रियाचे, लिंत्सजवळच्या आन्सफेल्डन गावचे. संगीतकार, मोठे ऑर्गनवादक, आणि स्वतःच्या लेखनाबद्दल भयंकर साशंक. त्यांच्या नऊ सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचना, आहेत, नववी अपुरी, आणि शिवाय एक ‘डी नुल्टे’, शून्यावी. तिच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पहिलीच्या आधीची, तरुणपणातली असणार. तशी ती नाही. पहिली १८६८मध्ये लिंत्सला वाजली. ही १८६९मध्ये, व्हिएन्नाला बस्तान हलवल्यानंतरची. हस्तलिखितावर क्रमांक २ घातलेला होता. मग ब्रुकनरनी ती व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे संचालक ओटो डेसॉफ यांना दाखवली. पहिला भाग वाचून डेसॉफ यांनी विचारलं म्हणतात, “पण यात मुख्य स्वरकल्पना कुठे आहे?” ब्रुकनर तेव्हा पंचेचाळिशीचे होते, पण अशा एका प्रश्नानं खचणारे. सिंफनी बासनात गेली आणि २ हा क्रमांक १८७२च्या पुढच्या कृतीला मिळाला.

डेसॉफ यांचा प्रश्न ऐकून मग ती सिंफनी ऐकली, तर त्यांचं चुकलं नव्हतं असं माझ्या कानाला वाटतं. सुरुवातीला तंतुवाद्यं जे वाजवतात ती साथ आहे. आपण वाट बघतो की आता वर काहीतरी येईल; येत नाही, साथच पुढे चालत राहते. पण १८७३ची तिसरी सिंफनी लावा. तीही शून्यावीसारखी डी मायनर या स्वरश्रेणीतच, तीही तशाच तंतुवाद्यांच्या हालचालीनं सुरू होते, आणि काही क्षणांत त्यावर एक ट्रम्पेट उतरतो. संगीतकार व्हाग्नर ज्यावर खूश झाला तो हाच ट्रम्पेट. डेसॉफना हवं होतं ते ब्रुकनरनी चार वर्षांनी दिलं, दुसऱ्या घरात. तिसरी आवडणाऱ्यानं शून्यावी ऐकावी ती यासाठी; जमीन तयार दिसते, वरचं अजून यायचंय.

१८९५मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, ब्रुकनर घर बदलत होते. जुने कागद चाळताना हे हस्तलिखित सापडलं. काही कागद त्यांनी नष्ट केले, हे केलं नाही. त्यावर ‘रद्द’, ‘केवळ एक प्रयत्न’ अशा अर्थाचे शेरे मारले आणि क्रमांकाच्या जागी एक वर्तुळ काढून त्यावर तिरकी रेघ ओढली. ती खूण बहुधा ‘बाद’ अशीच असावी. लोकांनी ती शून्य म्हणून वाचली. बाद केलेल्या वस्तूला अशा रीतीनं रांगेत जागा मिळाली, तीही सगळ्यांच्या पुढे! १२ ऑक्टोबर १९२४ रोजी, ब्रुकनरच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गमध्ये फ्रान्त्स मॉइसल यांनी ती पूर्ण सादर केली, आणि तेव्हापासून ती ‘नुल्टे’च आहे.

शाळेच्या तासात, उष्मागतिकीच्या नियमात आणि या सिंफनीत मला एकच गोष्ट दिसते. तिन्ही ठिकाणी शून्यावा हा पहिल्याच्या नंतर आलेला आहे. पहिल्याचं बारसं आधी झालं, मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की याच्या आधी काहीतरी मांडायला हवं. प्रोग्रॅमरांचं शून्य मोजणी सुरू होण्यापूर्वीच ठरतं; हे शून्य मोजणी बरीच पुढे गेल्यावर मागे वळून घातलेलं असतं. जर्मनमध्ये दोघांनाही एकच शब्द आहे म्हणून कचेरीतले आमचे दोन तट भांडत बसतात. मला विचाराल तर संगणकातल्या घटकाला ‘शून्य क्रमांकाचा’ म्हणावं आणि ‘शून्यावा’ हा शब्द या उशिरा आलेल्या पूर्वजांसाठी राखून ठेवावा. हा माझा तट तिसरा, आणि त्यात सध्या मी एकटाच आहे.

ब्रुकनरच्या बाबतीत पुढे आणखी पंचाईत झाली. लिंत्समध्ये ओटो किट्सलर यांच्याकडे शिकत असताना, १८६३मध्ये, त्यांनी सरावासाठी एफ मायनरमध्ये एक सिंफनी लिहिली होती. तीही छापली गेली, वाजू लागली. ती तर खरोखरच पहिलीच्या आधीची, पण शून्याची जागा १८६९च्या कृतीनं अडवलेली. ‘उणे पहिली’ म्हणायला कुणी धजलं नाही. मग कार्यक्रमपत्रिकांवर आणि रेकॉर्डच्या वेष्टनांवर तिला ‘क्रमांक ००’ म्हणू लागले. जर्मन लोक तिला बहुतेकदा ‘श्टूडिएन-झिंफोनी’, अभ्यासाची सिंफनी, एवढंच म्हणतात, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.